एक आकडा बदलून बघू

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात झाली. निवृत्तीनंतर नवी मुंबईच्या जुईनगरातल्या आमच्या सोसायटीचं दप्तर माझ्याकडे आलं. या दोन ठिकाणी मिळून मी हिशेबाची साधनं बदलताना पाहिली: जाड लेजर, चौदा रकान्यांचे ताव, हँडल फिरवायचं फॅसिट यंत्र, मग लोटस, मग एक्सेल. लोक म्हणतात, कॉम्प्युटर आला आणि बेरजा झटपट व्हायला लागल्या. बेरजा आधीही झटपट होत होत्या. आमच्या खात्यातले जुने कारकून आकड्यांच्या रांगेवरून पेन्सिलचं टोक खाली नेत आणि तळाशी पोचताच बेरीज लिहून टाकत. खरा बदल वेगळाच आहे. एकदा जुळलेला हिशेब एक आकडा बदलून पुन्हा मांडणं पूर्वी कुणाला परवडत नसे. म्हणून ‘असं झालं तर?’ हा प्रश्न विचारायची सोय फार थोड्यांना होती. ती सोय कारखान्यातल्या कारकुनापर्यंत आणि पुढे सोसायटीच्या सभेपर्यंत कशी आली, ते मला सांगायचं आहे.

रकाने या जागेला नवे नाहीत. जुईनगर वसण्याआधी इथे जुईपाडा, शिरवणे, सानपाडा अशी गावं होती, आणि त्यांच्याभोवती भातशेती, मिठागरं, खाडी. या जमिनीचा प्रत्येक तुकडा फार आधीच कागदावर चौकटीत बसवलेला होता. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या भूमापनाची सुरुवात १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून झाली, आणि त्या पद्धतीतून पुढे तलाठ्याचे क्रमांकित गाव नमुने रूढ झाले. नमुना सातमध्ये जमीन कुणाची, नमुना बारामध्ये पीक कोणतं. दोन्ही मिळून सातबारा. त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना दिसायला किरकोळ, पण कूळ म्हणून कसणाऱ्या कितीतरी घरांचं पुढचं आयुष्य त्यातल्या एका ओळीवर अवलंबून राहिलं. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित होऊ लागल्या, तेव्हा मोबदल्याचा तक्ता याच नोंदींवरून तयार झाला. तक्ता सरकारी कचेरीत, जमीन शेतकऱ्याची. ‘भाव एवढा धरला तर किती होतात?’ असं विचारायला त्याच्यासमोर कागदच नव्हता. ते विचारण्यासाठी रस्त्यावर यावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली.

त्या साडेबारा टक्क्यांचा हिशेब मी शिरवण्यातल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर पाहिला. साडेबारातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा, हातात पावणेनऊ. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे पावणेनऊ टक्के सुमारे ३५४. चार भावंडं असतील तर प्रत्येकी साडेअठ्ठ्याऐंशी. त्यातलं एक भावंड गेलेलं आणि त्याची तीन मुलं, म्हणजे त्या मुलांना साडेएकोणतीस-साडेएकोणतीस. मुलाने वारसांची नावं उभी आणि हिश्शाचे अपूर्णांक आडवे मांडले होते. आत्याचं नाव आधी राहिलं होतं, ते घातल्यावर सगळ्यांचे हिस्से तिथल्या तिथे बदलले. त्याची आजी शेजारी बसून प्रत्येक नावापुढचा आकडा वाचून घेत होती. त्या कुटुंबात जमिनीचा तक्ता घरच्या माणसाने मांडल्याची ती पहिलीच वेळ असावी.

आता कारखान्याकडे येते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी नोकरीला लागले, तेव्हा पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचं काम फेब्रुवारीत निघायचं. ताव पसरायला दोन टेबलं जोडायची. डाव्या कडेला बाबी: बेन्झिन, फर्नेस ऑइल, वीज, पगार, दुरुस्ती, घसारा, बँकेचं व्याज. वर एप्रिल ते मार्च बारा महिने, तेरावा रकाना एकूण, चौदावा मागील वर्षाचा. आकडे पेन्सिलने, बेरजा शाईने. गुणाकार-भागाकाराला फॅसिट. त्याचं हँडल पुढे फिरवलं की बेरीज-गुणाकार, मागे फिरवलं की वजाबाकी-भागाकार, आणि भागाकारात एक फेरा जास्त झाला की आतून टिंग अशी घंटी. उभ्या बेरजांची बेरीज आणि आडव्या बेरजांची बेरीज उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात एकच आली की पान हातावेगळं. नाही आली तर शोध सुरू. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची, ५४ चे ४५ कुठे झालेत ते. ट्रायल बॅलन्सचा फरक असेल तर त्याच्या निम्म्याची रक्कम शोधायची, कारण नावेची नोंद जमेला गेलेली असू शकते. ही विद्या वरिष्ठ कनिष्ठांना तोंडी देत आणि ती मला अजूनही उपयोगी पडते.

या मेहनतीची दुसरी बाजू अशी की अंदाजपत्रक एकदा जुळलं की त्याला कुणी हात लावू देत नसे. समजा, जुलैपासून बेन्झिनचा भाव वाढणार असं खरेदी खात्याने कळवलं. मग जुलै ते मार्च या नऊ महिन्यांची बेन्झिनची रक्कम खोडायची, प्रत्येक महिन्याचा एकूण खर्च खोडायचा, मालाची किंमत खोडायची, नफा खोडायचा. खेळतं भांडवल वाढलं म्हणून बँकेचं व्याज बदलायचं, आणि व्याज बदललं म्हणून नफा परत एकदा. एका भावापायी पन्नासच्या वर घरं खोडरबराखाली जात आणि तावाला भोक पडे. ‘जुळलंय, आता हात लावू नका’ हे वाक्य मी त्या खात्यात अनेक साहेबांच्या तोंडून ऐकलं. त्यांचा दोष नव्हता. प्रश्नाची किंमत आठवडाभराचं काम एवढी असेल, तर माणूस प्रश्न टाळतोच.

याच अडचणीवर जगाच्या दुसऱ्या टोकाला उपाय निघत होता. १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. फळ्यावर तक्ता मांडलेला असे, त्यातला एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढचे सगळे पुसून नव्याने लिहावे लागत. फळ्याने हे आपणहून केलं पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. मित्र बॉब फ्रँकस्टन याच्यासोबत त्याने १९७९ मध्ये ॲपल टू या छोट्या कॉम्प्युटरसाठी व्हिजिकॅल्क हा प्रोग्राम आणला: ६३ स्तंभ, २५४ ओळी. कल्पनेची बीजं त्याआधीचीही आहेत. रिचर्ड माटेसिच यांनी १९६१ मध्येच अंदाजपत्रकाचं गणित कॉम्प्युटरवर मांडण्याचा विचार लिहिला होता, आणि १९६९ मध्ये रेने पार्डो आणि रेमी लँडाउ यांनी लॅनपार ही प्रणाली मोठ्या यंत्रांसाठी केली होती. पण टेबलावर बसून साध्या हिशेबनिसाने स्वतः वापरावं असं साधन व्हिजिकॅल्कने दिलं. ब्रिकलिनने त्याचं पेटंट घेतलं नाही, म्हणून पुढे ज्याला सुधारता आलं त्याने ते सुधारलं. जानेवारी १९८३ मध्ये मिच केपोर यांच्या कंपनीचं लोटस १-२-३ आयबीएम पीसीवर आलं आणि ऑफिसांमध्ये तेच चाललं.

आपल्याकडे १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणानंतर पीसी घेणं सोपं होत गेलं. आमच्या कारखान्यात पहिला पीसी एअरकंडिशन्ड केबिनमध्ये बसवला आणि चपला बाहेर काढून आत जायचा नियम झाला. गावोगाव क्लास निघाले, आणि त्यांच्या पाट्यांवर तीन नावं ठरलेली: वर्डस्टार, लोटस, डीबेस. युनियनला काळजी होती की माणसं कमी होतील, आणि ती काळजी खोटी नव्हती. काही जागा पुन्हा भरल्याच गेल्या नाहीत. मला लोटस शिकवलं ते आमच्याच खात्यातल्या एका वरिष्ठांनी, ज्यांनी आयुष्यभर तावावर काम केलं होतं. त्यांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते आजही कुणालाही स्प्रेडशीट समजावताना मी सांगते.

प्रत्येक चौकटीला पत्ता असतो: स्तंभाचं अक्षर, ओळीचा आकडा. चौकटीत तीनच गोष्टी राहतात: मजकूर, आकडा किंवा सूत्र. सूत्रात शक्यतो आकडे लिहायचे नसतात, पत्ते लिहायचे असतात. ‘सी७ मध्ये जे असेल त्याला बी२ मध्ये जे असेल त्याने गुण’ असं एकदा लिहिलं, की बी२ मधला आकडा बदलताच उत्तर बदलतं. त्या उत्तरावर दुसरं सूत्र अवलंबून असेल तर तेही बदलतं, त्यावरचं तिसरंही. आधी कोणतं सोडवायचं आणि नंतर कोणतं, हा क्रम प्रोग्राम स्वतः लावतो. सूत्र शेजारच्या ओळीत उतरवलं की त्यातला पत्ताही एक ओळ सरकतो, सी७ चं सी८ होतं. एखादा पत्ता सरकू द्यायचा नसेल तर त्याला डॉलरच्या चिन्हाने बांधून ठेवायचं. स्प्रेडशीटचा गाभा एवढाच आहे. बाकीचं सगळं, शोधाची सूत्रं, पिव्हट, आलेख, याच्यावर रचलेलं आहे. लोटसमध्ये सूत्राची सुरुवात अधिकच्या चिन्हाने करायची सवय होती. एक्सेल तेही चालवून घेतं आणि माझं बोट आजही आधी तिथेच जातं.

वरिष्ठांचा एक आग्रह होता. जे आकडे आपल्या हातात नाहीत ते वर वेगळे मांडायचे: डॉलरचा दर, बेन्झिनचा भाव, व्याजाचा दर. एकेका चौकटीत एकेक, आणि खाली कुठेही ते पुन्हा टाइप करायचे नाहीत. या शिस्तीची किंमत जुलै १९९१ मध्ये कळली. सोमवार १ जुलै आणि बुधवार ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता तो २६ च्या घरात गेला. आमचा काही कच्चा माल आयात होत होता, माल बंदरात होता, बिलं डॉलरमध्ये. त्या बुधवारी संध्याकाळी मोठे साहेब स्वतः केबिनबाहेर चपला काढून आत आले. मी बी२ मध्ये नवा दर टाकला आणि एंटर दाबलं. त्या पीसीला सगळी शीट सोडवायला थोडा वेळ लागे. पडद्यावरचे आकडे वरून खाली बदलत गेले आणि तळाचा नफा अर्ध्यावर आला. साहेब काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “२८ टाका.” टाकले. “३० टाका.” टाकले. “आता विक्रीची किंमत पाच टक्के वाढवा आणि २८ च ठेवा.” त्यांच्यामागे खरेदीचे अधिकारी उभे होते, ते म्हणाले, “बेन्झिन इथलंच घेतलं तर?” दारापाशी उभ्या असलेल्या ज्युनिअर क्लार्कनेही विचारलं, की उधारीचे दिवस कमी केले तर व्याज किती वाचेल. त्याचा प्रश्न त्या संध्याकाळचा सगळ्यात कामाचा ठरला आणि नंतर अमलातही आला. तावाच्या दिवसांत त्या मुलाने तोंड उघडलं नसतं, कारण त्याच्या एका प्रश्नाने सगळ्या खात्याला आठवडाभर काम लागलं असतं.

एक्सेल १९८५ मध्ये मॅकिन्टॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. नव्वदच्या दशकात विंडोज पसरलं तसं आमच्याकडेही लोटस मागे पडलं. त्या बदलाबद्दल फार लिहावं असं मला वाटत नाही, पत्ते आणि सूत्रं तीच राहिली. मराठीत काम करणाऱ्यांची पंचाईत मात्र सांगितली पाहिजे. युनिकोड येण्याआधी श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये नावं टाइप व्हायची. यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हतीच, इंग्रजी खुणांवर मराठी आकार चढवलेले. यादी अकारविल्हे लावायला सांगितली की भलताच क्रम येई, आणि ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे सगळी नावं निरर्थक खुणांची होत. युनिकोडने सभासदांच्या याद्या मराठीत ठेवणं खरोखर शक्य झालं. विंडोजमध्ये देश भारत निवडला की स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडतात, हे छोटं वाटतं, पण १२,३४,५६७ वाचता येणं आणि १,२३४,५६७ वर अडखळणं यात एका सभासदाचा हिशेबावरचा विश्वास असतो. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि त्यांच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने हे ज्ञान क्लासच्या महागड्या पाट्यांवरून खाली आणलं. आमच्या इमारतीतल्या दोन सुना त्या कोर्समध्ये एक्सेल शिकल्या, आणि आज सोसायटीची बिलं त्याच काढतात.

सोसायटीकडे आता सविस्तर येते, कारण स्प्रेडशीटचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा उपयोग मी तिथे पाहिला. लोकल १९९२ मध्ये वाशीपर्यंत आली, पुढच्या वर्षी जुईनगरवरून बेलापूरला गेली, आणि त्यानंतर आम्ही चेंबूर सोडून इथे सिडकोच्या घरात आलो. ३२ घरांची इमारत. महिन्याचं बिल एका ओळीत दिसतं, पण प्रत्येक रकान्याची वाटणी निराळी. उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का. घर भाड्याने दिलं असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. थकबाकीवर व्याज सरळ, जास्तीत जास्त २१ टक्के. दोन हजार रुपये ४५ दिवस थकले तर ५१ रुपये ७८ पैसे. यंत्र हे दिवस मोजू शकतं, कारण एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे नुसता आकडा: १ जानेवारी १९०० हा १, १ एप्रिल २०२५ हा ४५७४८.

पाण्यावरून आमच्याकडे वर्षानुवर्षं वाद होता. निम्म्या घरांत तीन नळ, निम्म्या घरांत चार. तीनवाले म्हणत, आम्ही मोठ्या घरांचं पाणी भरतो. चारवाले म्हणत, माणसं तुमच्याकडे जास्त, नळ मोजून काय होतं? मोरबे धरणाचं पाणी इमारतीत येतं ते एका मीटरने, त्यामुळे कुणाचंच म्हणणं तपासता येत नव्हतं. एका वार्षिक सभेत मी प्रोजेक्टर लावून शीट भिंतीवर दाखवली. वर एका चौकटीत महापालिकेचं बिल, ११,२०० रुपये. खाली घरं, पुढे नळ, एकूण ११२. म्हणजे नळाला शंभर: तीनवाल्यांना तीनशे, चारवाल्यांना चारशे. मग पद्धत बदलली, सगळ्यांना सारखं: साडेतीनशे. सभागृह क्षणभर गप्प झालं, कारण दोन पद्धतींत फरक होता महिन्याला पन्नास रुपयांचा. त्यासाठी दोन घरांनी एकमेकांकडे हळदीकुंकवाला जाणं सोडलं होतं. मागून एका आजोबांनी विचारलं, “आणि माणसांप्रमाणे केलं तर, ताई?” माणसांचा रकाना घातला, प्रत्येक घराने आपला आकडा सांगितला, सूत्र ओढलं. काहींचं वाढलं, काहींचं कमी झालं, सगळ्यांनी आपापली ओळ पाहिली. शेवटी उपविधींप्रमाणे नळांवरच ठरलं. पण ते प्रत्येकाने स्वतः पाहून ठरवलं, आणि त्यानंतर पाण्याचा विषय सभेत निघालेला नाही.

आता धोक्याचं. तावावर चूक दिसायची, खोडलेलं दिसायचं, कुणाचं अक्षर तेही कळायचं. शीटमध्ये वर उत्तर दिसतं आणि कारण त्याच्याखाली दडलेलं असतं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा कर्ज आणि विकास यांवरचा २०१० चा निबंध अनेक देशांत काटकसरीच्या धोरणासाठी आधार म्हणून वापरला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल फाइल मागून घेतली. सरासरीचं सूत्र ३० व्या ओळीपासून ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४ व्या ओळीवर थांबलं होतं आणि पाच देश बाहेर राहिले होते. निबंधात इतरही वादाचे मुद्दे निघाले, पण माझ्यासाठी महत्त्वाचं हे की ती चूक छापील तक्त्यात कुणालाच दिसली नसती, फाइल उघडली म्हणून दिसली. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आकडेवारीत वेळेवर आल्या नाहीत, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. काही चुका तर वारशाने येतात. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, ते नव्हतं. लोटसच्या शीट जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक मुद्दाम ठेवली, आणि २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख आजही त्यात आहे.

म्हणून सोसायटीत मी एक नियम लावून घेतला आहे. हिशेब सभासदांना पाठवायचा तो फोटो किंवा पीडीएफ म्हणून नाही, सूत्रांसकट मूळ फाइल म्हणून. ज्याला समजतं तो उघडून बघेल, ज्याला समजत नाही तो आपल्या मुलीकडून बघून घेईल. बेरजेची ओळ कुठून कुठपर्यंत जाते हे दोन माणसांनी तपासून तारखेसह लिहायचं.

सध्या या नियमाची कसोटी लागते आहे ती पुनर्विकासात. सिडकोच्या जुन्या इमारती थकल्या आहेत, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ठरवलेल्या वाटेने आमची सोसायटीही निघाली आहे. विकासकांचे देकार येतात: इतकं वाढीव क्षेत्र, इतका कॉर्पस, इतकं भाडं, इतके महिने. तक्ते देखणे असतात आणि बहुतेक पीडीएफ. आम्ही प्रत्येकाकडे मूळ फाइल मागितली. ज्यांनी दिली त्यांची शीट मी आणि त्या दोघी सुनांनी मिळून उघडली. एका देकारात दरमहा तीस हजार भाडं ३६ महिने धरलं आहे. ‘महिने’ या चौकटीत ३६ च्या जागी ४८ टाकून पाहिलं, आणि तळाचा खर्च हललाच नाही. म्हणजे भाड्याची एकूण रक्कम सूत्राने आलेली नाही, हाताने टाइप केलेली आहे. ३२ घरांचं वाढीव वर्षभराचं भाडं १ कोटी १५ लाख २० हजार होतं. काम लांबलं तर ते कोण देणार, हा प्रश्न त्या देकाराच्या पानावर लाल अक्षरांत लिहून आम्ही फाइल सगळ्या सभासदांना पाठवली आहे, आणि विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो पहिला घेतला आहे.